सिलिंडर भरलेले आहेत; पण खोली बंद आहे का?

फोंड्याच्या एका पतसंस्थेत वार्षिक तपासणीला गेलो होतो. तिथल्या सर्व्हर रूमची जबाबदारी महिन्याभरापूर्वीच एका तरुण कर्मचारी मुलीकडे आली होती. आग लागली की वायू सोडून ती विझवणाऱ्या यंत्रणेच्या पॅनेलवरची चावी ‘मॅन्युअल’वर, म्हणजे वायू आपोआप सुटणार नाही अशी, दिसली म्हणून विचारलं, तर ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, “दादा, आधीच्या साहेबांनी सांगून ठेवलंय, हा वायू सुटला की दहा सेकंदांत बाहेर पडायचं, नाहीतर माणूस मरतो. मी तर दिवसभर आतबाहेर करत असते. म्हणून तशीच ठेवते.”

“आणि रात्री?”

“रात्रीपण. सकाळी परत फिरवायची विसरले तर?”

तिची काहीच चूक नव्हती. तिला कुणी नीट समजावलंच नव्हतं. त्याच खोलीत फॉल्स सीलिंगच्या वर, नव्या फायबर केबलसाठी, भिंतीला हाताचा पंजा जाईल एवढं भोक पाडून ठेवलं होतं. एसीच्या पाइपाजवळ जमिनीलगत दुसरं होतं. चावी ‘ऑटो’वर असती तरी त्या खोलीत वायू टिकला नसता. गोव्यात गेली अनेक वर्षं हे काम करताना मला हेच दोन दोष सगळ्यात जास्त दिसतात: माणसं वायूला घाबरतात आणि खोलीकडे बघत नाहीत. व्हायला हवं नेमकं उलटं. हा लेख त्या मुलीसारख्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या हातात अचानक सर्व्हर रूमची, रेकॉर्ड रूमची किंवा कंट्रोल रूमची चावी आली आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

सुरुवात सिलिंडरवरच्या नावापासून

खोलीबाहेर किंवा कोपऱ्यात उभ्या असलेल्या सिलिंडरांवरचं लेबल वाचा आणि वहीत उतरवून घ्या. ‘गॅस सिस्टीम आहे’ एवढं कळून भागत नाही, कारण या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात.

आयजी-५४१, आयजी-५५, आयजी-१०० किंवा आयजी-०१ असं लिहिलेलं असेल तर तुमच्याकडे निष्क्रिय वायूंची यंत्रणा आहे. आयजी-५४१ मध्ये ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के आर्गॉन आणि ८ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. इनर्जेन हे त्याचं बाजारातलं नाव. आयजी-५५ म्हणजे निम्मा नायट्रोजन, निम्मा आर्गॉन. आयजी-१०० हा नुसता नायट्रोजन आणि आयजी-०१ नुसता आर्गॉन. आकड्यांची खूण सोपी आहे. पहिला आकडा नायट्रोजनचा, दुसरा आर्गॉनचा, तिसरा कार्बन डायऑक्साइडचा, आणि प्रत्येक आकडा दहा भागांपैकी किती भाग ते ढोबळ सांगतो. आयजी-१०० आणि आयजी-०१ मधल्या १ चा अर्थ मात्र एक भाग नसून सगळाच तो वायू असा घ्यायचा.

हे सगळे वायू आपण रोज श्वासातून घेतोच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, जवळपास २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के आर्गॉन असतो. म्हणून हे वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, हवामान तापवण्यात भर घालत नाहीत आणि मागे पूड किंवा आम्ल ठेवत नाहीत.

एफएम-२०० किंवा नोव्हेक १२३० असं लिहिलं असेल तर ती रासायनिक द्रव्याची यंत्रणा. ती दहा सेकंदांत सुटते आणि मुख्यतः उष्णता शोषून आग विझवते. तिचे नियम थोडे वेगळे. जुन्या इमारतींत हॅलॉन १३०१ या आग विझवणाऱ्या जुन्या वायूची नळकांडी अजून दिसली तर आश्चर्य नको. तो ओझोनच्या थराला इजा करतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हॅलॉनचं उत्पादन बंद होत गेलं, आणि निष्क्रिय वायूंचे हे मिश्रण त्यानंतरच पुढे आले.

आणि लेबलवर नुसतं कार्बन डायऑक्साइड असेल तर थांबा. कार्बन डायऑक्साइडने पूर्ण खोली भरायची यंत्रणा किमान ३४ टक्क्यांच्या हिशेबाने बांधतात, आणि तेवढा कार्बन डायऑक्साइड माणसाला मारतो. फोंड्याच्या त्या साहेबांनी जे ऐकलं होतं ते बहुधा या यंत्रणेबद्दलचं होतं. आयजी-५४१ मध्येही तोच वायू थोडा असतो म्हणून दोन्ही सारख्याच, असं समजू नका. दोघींत जीवन-मरणाचा फरक आहे.

वायू करतो काय

आगीला ऑक्सिजन लागतो. खोलीतला ऑक्सिजन साधारण १५ टक्क्यांखाली आला की बहुतेक सामान्य पदार्थांची ज्योत तगत नाही. निष्क्रिय वायू खोलीत सोडून ऑक्सिजन १२ ते १३ टक्क्यांवर आणतात. ज्योत मरते, पण माणूस त्या हवेत काही मिनिटं तग धरू शकतो. ढोबळ तुलना द्यायची तर लेहला उतरल्यावर जी विरळ हवा मिळते, तिच्यापेक्षा थोडी अधिक विरळ. धाप लागेल, डोकं जड होईल, पण चालत दारापर्यंत जाता येईल.

आयजी-५४१ मधल्या त्या ८ टक्क्यांचं काम इथेच आहे. आपलं शरीर श्वास किती खोल घ्यायचा हे मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून ठरवतं, ऑक्सिजनवरून नव्हे. वायू सुटल्यावर खोलीत कार्बन डायऑक्साइड तीन-सव्वातीन टक्के होतो, श्वास आपोआप खोल आणि जलद होतो, आणि कमी ऑक्सिजनमधूनही मेंदूला पुरेसा मिळत राहतो. आयजी-५५ किंवा आयजी-१०० मध्ये ही मदत नसते.

याचा अर्थ आत बसून काम चालू ठेवावं असा मात्र नाही. आंतरराष्ट्रीय मानकांतल्या मर्यादा पाठ करून ठेवा. खोलीत वायूचं प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत असेल (म्हणजे ऑक्सिजन १२ टक्क्यांच्या वर) तर जास्तीत जास्त ५ मिनिटं. ४३ ते ५२ टक्के असेल तर ३ मिनिटं. त्याहून वर, ६२ टक्क्यांपर्यंत, फक्त ३० सेकंद. तुमची खोली यातल्या कुठल्या गटात बसते ते पुढच्या हिशेबातून कळेल.

खोली मोजा

टेप घ्या आणि स्वतः मोजा. कागदावर लिहिलेलं माप जुनं असू शकतं. लांबी, रुंदी आणि उंची. उंची मोजताना फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी आणि रेझ्ड फ्लोअरखालची (उचलून बसवलेल्या फरशीखालची) जागाही धरा, जर वायू तिथेही सोडला जात असेल तर.

समजा खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच आहे. घनफळ ६० घनमीटर. ४० टक्के वायू हवा असेल तर ६० चे ४० टक्के म्हणजे २४ घनमीटर पुरतील असं वाटतं, पण तसं नाही. वायू आत शिरताना जी हवा बाहेर ढकलली जाते, तिच्याबरोबर थोडा वायूही जातो. तो तोटा धरून ४० टक्क्यांसाठी घनफळाला ०.५१ ने गुणतात. म्हणजे साधारण ३०.६ घनमीटर वायू लागेल.

८० लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असेल तर ढोबळमानाने १६,००० लिटर, म्हणजे १६ घनमीटर वायू मावतो. दोन सिलिंडर, ३२ घनमीटर, काम झालं. खोलीत वायू साधारण ४१ टक्के होईल आणि ऑक्सिजन १२.३ टक्क्यांच्या आसपास उतरेल. आपण पाच मिनिटांच्या गटात आहोत. प्रत्यक्ष डिझाइनमध्ये तापमान आणि आगीचा प्रकारही धरतात, पण तुमच्या ताब्यातली यंत्रणा भलतीच चुकलेली आहे का, हे कळायला एवढा हिशेब पुरतो.

आता पुढे जे सांगतो त्यासाठीच हा आकडेमोडीचा खटाटोप होता. कुणीतरी ठरवतं की स्टोअरसाठी जागा हवी, आणि त्या खोलीत पार्टिशन घालून ती ४५ घनमीटरची करतं. सिलिंडर तेच दोन. आता ऑक्सिजन १०.३ टक्क्यांवर येईल आणि माणसाला मिळणारी पाच मिनिटं तीनवर येतील. उलट, शेजारची केबिन जोडून खोली ८० घनमीटरची केली तर ऑक्सिजन १४ टक्क्यांवरच अडकेल, आणि आग विझेल की नाही ते आगीच्या मर्जीवर. दोन्ही वेळा सिलिंडरवरचा काटा हिरव्यातच असतो. म्हणून सुताराला, गवंड्याला किंवा इंटिरिअरवाल्याला त्या खोलीच्या भिंतीला हात लावायची परवानगी देण्याआधी यंत्रणेच्या ठेकेदाराला फोन करायचा. हा नियम मी प्रत्येक ऑफिसात लेखी देतो, आणि तरीही मोडलेला सापडतो.

खोली बंद करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

वायू एक-दोन मिनिटांत सुटतो, पण तो किमान १० मिनिटं खोलीत टिकला पाहिजे. तापलेली वायर किंवा धुमसणारा प्लास्टिकचा तुकडा तेवढ्या वेळात थंड झाला नाही, तर हवा आत आल्याबरोबर आग पुन्हा पेटते, आणि तेव्हा सिलिंडर रिकामे असतात. आयजी-५४१ आणि आयजी-५५ हे दोन्ही हवेपेक्षा जड आहेत, हवेच्या साधारण १.१७ पट. त्यामुळे मिश्रण खालच्या फटींतून गळतं आणि वरच्या फटींतून ताजी हवा आत येते. वर भोक आणि खाली भोक, अशी जोडी सगळ्यात वाईट.

तर गुडघ्यावर बसा आणि खालून सुरुवात करा. दाराखालची फट बघा. तिथे दार लागताच खाली उतरणारी रबरी पट्टी हवी. दाराला क्लोजर आहे का, आणि दार हात न लावता पूर्ण लागतं का? आपल्याकडे जूननंतर लाकडी दारं फुगतात आणि चौकटीत अडकतात, म्हणून ही तपासणी मे महिन्यात करून भागत नाही, ती भर पावसात जुलैमध्येही करायला हवी. एसीच्या पाण्याचा निचऱ्याचा पाइप बाहेर गेला असेल तर त्याला पाणी अडून राहणारा बाक आहे का ते बघा. नसेल तर तो पाइप म्हणजे वायूला आयती मोरी. रेझ्ड फ्लोअरच्या फरश्या उचलून शेजारच्या खोलीत जाणारे केबलचे मार्ग बघा. मग शिडी घेऊन वर चढा. फॉल्स सीलिंगच्या वर भिंत खऱ्या स्लॅबपर्यंत गेलेली आहे की सीलिंगपाशीच संपली आहे? ही चूक मी नव्याकोऱ्या इमारतींतही पाहिली आहे.

भोकं बुजवताना साधा पीयू फोम मारू नका, तो जळतो. आगीसाठीचं सीलंट वापरा, आणि केबलच्या जागी पुढे केबल वाढवता येतील अशा पिशव्या किंवा पट्ट्या ठेवा. नाहीतर पुढचा केबलवाला सगळं फोडून ठेवणार.

खोली खरंच बंद आहे का, हे सांगणारी चाचणी म्हणजे डोअर फॅन टेस्ट. दाराच्या चौकटीत पंखा बसवतात, खोलीत दाब वाढवून आणि कमी करून किती हवा गळते ते मोजतात, आणि त्यावरून वायू किती मिनिटं टिकेल याचा हिशेब काढतात. यात एक लिटरही वायू खर्च होत नाही. खोलीची पाहणी वर्षातून एकदा करायची, आणि भिंत, छत किंवा केबल यांत काहीही बदल झाला की ही चाचणी पुन्हा करून घ्यायची. मेंटेनन्सच्या करारात ती लिहिलेली आहे का ते आजच बघा; बऱ्याच करारांत फक्त ‘काटा बघणे’ एवढंच असतं.

एक प्रश्न गोव्यात हमखास येतो. पणजी किंवा मडगावातल्या जुन्या पोर्तुगीज काळातल्या घरांत ऑफिसं थाटलेली असतात. वर मंगळुरी कौलं, खाली लाकडी छत, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. घरं देखणी आहेत आणि ती तशीच राहावीत असं मला मनापासून वाटतं. पण कौलारू छपराखाली वायू टिकत नाही. तिथे खोलीच्या आत दुसरी खोली बांधा, स्वतःचं पक्कं छत असलेली, म्हणजे जुन्या भिंतींनाही धक्का लागणार नाही. तेवढी जागा नसेल तर सर्व्हरच्या बंद रॅकपुरती छोटी यंत्रणा घ्या.

आणि तरीही एक खिडकी हवी

एवढं सगळं बंद करायला सांगून आता मी भोक पाडायला सांगणार आहे. ६० घनमीटरच्या खोलीत मिनिटा-दोन मिनिटांत ३० घनमीटर वायू घुसला की तितक्याच मापाची हवा बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर काच फुटते, फॉल्स सीलिंग उडतं, हलकी विटांची भिंत तडकते. म्हणून दाब वाढला की उघडणारी आणि दाब उतरला की आपोआप मिटणारी झडप भिंतीत बसवतात.

ही झडप उघडते कुठे, ते जाऊन बघा. बाहेरच्या मोकळ्या हवेत हवी, लोक बाहेर पडून उभे राहतात त्या पॅसेजमध्ये नको. नैर्ऋत्येकडे तोंड असेल तर पावसाची झड थेट आत येते आणि बिजागरी गंजून झडप जाम होते. कुंभारीण माशी अशा फटींत मातीचं घर बांधते; पर्वरीला एका ठिकाणी तर झडपेची अख्खी कड तिने लिंपून टाकली होती. महिन्यातून एकदा बोटाने ढकलून बघा. हलकी हलली पाहिजे.

पॅनेलची भाषा

बहुतेक ठिकाणी धुराचे डिटेक्टर दोन गटांत असतात. एका गटातला डिटेक्टर बोलला की फक्त बेल वाजते. दुसऱ्या गटातलाही बोलला की हूटर सुरू होतो, एसी बंद होतो, डक्टचे डॅम्पर (हवा अडवणाऱ्या झडपा) मिटतात आणि उलटी गिनती लागते, सहसा ३० सेकंदांची. गिनती संपली की सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) पहिला सिलिंडर उघडतो आणि त्याच्या दाबाने बाकीचे उघडतात. एकाच डिटेक्टरच्या सांगण्यावर वायू सुटू नये म्हणून ही दोघांच्या साक्षीची पद्धत आहे.

दाराजवळ दोन बटणं असतात आणि घाबरलेल्या माणसाला ती सारखीच दिसतात. एक वायू ताबडतोब सोडायचं, दुसरं गिनती थांबवायचं. रोखायचं बटण दाबून धरावं लागतं. सोडल्यावर गिनती पुन्हा पहिल्यापासून लागते की उरलेल्या सेकंदांपासून, हे प्रत्येक पॅनेलवर वेगळं असू शकतं. इंजिनिअरला विचारा आणि करून दाखवायला सांगा. अर्थात त्याआधी त्याने सोलेनॉइड काढून ठेवलेला असला पाहिजे.

चावीबद्दल. माणसांसाठी सुरक्षित प्रमाणात बांधलेल्या खोलीत चावी दिवसरात्र ‘ऑटो’वरच हवी. ‘मॅन्युअल’वर ती फक्त एका कारणासाठी फिरवायची: आत ड्रिलिंग, वेल्डिंग, सीलिंगचं काम किंवा धूळ उडणारं काहीही चालू असेल तेव्हा. धूळ आणि धूर यांतला फरक डिटेक्टरला नीट कळत नाही. काम संपलं की चावी परत ‘ऑटो’वर, आणि वहीत वेळ लिहून सही. फोंड्याच्या त्या मुलीला आम्ही हे सांगितलं, खोलीचा हिशेब तिच्यासमोरच केला, तिची पाच मिनिटं तिला दाखवली. मग तिच्याकडूनच दारापर्यंत चालण्याचा वेळ मोजून घेतला. सहा सेकंद लागले. त्यानंतर तिने स्वतः चावी फिरवली.

माणसं

गोव्यात चवथीला ऑफिसं सलग बंद असतात आणि इमारतीत एकटा वॉचमन उरतो. सगळे सराव दुपारच्या चहाआधी स्टाफबरोबर होतात, त्यात तो कधीच नसतो. त्याला बोलवा. त्याला मराठी, कोकणी, हिंदी, कन्नड यांपैकी जे वाचता येतं त्यात दारावर पाटी लावा: हूटर वाजत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर आत जायचं नाही. १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. दार उघडून ‘बघून यायचं’ नाही.

वायू सुटतो तेव्हा काय होतं हेही सगळ्यांना आधी सांगा, नाहीतर आवाजानेच माणूस गोठतो. कानठळ्या बसतील असा आवाज होतो, कागद उडतात, पण धुकं पसरत नाही, समोरचं दिसतं. त्या आवाजाने फिरत्या हार्ड डिस्कसुद्धा बिघडतात. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये नुसती चाचणी घेताना वायूच्या आवाजाने कित्येक डिस्क खराब झाल्या आणि सेवा तासन्‌तास ठप्प झाल्या. तुमच्याकडे जुन्या डिस्क असतील तर कमी आवाजाच्या नोझलबद्दल विचारा, आणि नोझलचं तोंड थेट रॅककडे नको.

सिलिंडर एखाद्या छोट्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवले असतील तर तिथला धोका सर्व्हर रूमपेक्षा मोठा आहे. वायूला वास नाही, रंग नाही. हळूहळू गळती झाली तर ऑक्सिजन कमी होत जातो, हूटर वाजत नाही, आणि आत गेलेल्या माणसाला काही जाणवायच्या आत तो कोसळतो. त्याला ओढायला गेलेला दुसराही कोसळतो. तिथे खाली-वर जाळीच्या खिडक्या हव्यात, आणि शक्य असेल तर ऑक्सिजन मोजणारं यंत्र.

आणखी एक. २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ शंभरपट. व्हॉल्व्हवर टोपी नसलेला सिलिंडर आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला तर तो भिंत फोडून जाऊ शकतो. साखळीने बांधलेला नसलेला एकही सिलिंडर खपवून घेऊ नका, आणि हलवायचं काम फक्त ठेकेदाराच्या माणसांचं.

आपल्या हवेसाठी

इथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि किनाऱ्याजवळ हवेत मीठ. वास्को, मुरगाव किंवा कळंगुटच्या पट्ट्यात सिलिंडरचा तळ आणि पाइपाचे क्लॅम्प आधी गंजतात, कारण फरशी ओली राहते आणि तिकडे कुणी वाकून बघत नाही. सिलिंडर फरशीपासून थोडे उचललेले हवेत. पावसाळ्यात वीज येते-जाते, तेव्हा पॅनेलच्या बॅटऱ्यांची परीक्षा मेअखेरीस करून घ्या.

दाबाच्या काट्यामुळे नवखे लोक घाबरतात. २०० बार हा आकडा १५ अंशांचा असतो. एसी नसलेल्या खोलीत, मे महिन्यात, काटा २१० च्या पुढे दिसला तर तो तापमानाचा परिणाम. म्हणून वहीत दाबाशेजारी तापमानाचाही रकाना ठेवा. तापमान धरूनही दाब ५ टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर सिलिंडर भरून किंवा बदलून घ्यायचा. ही मोजणी निदान सहा महिन्यांनी, पण मी म्हणेन दर महिन्याला. दोन मिनिटांचं काम आहे.

कागदपत्रांत तीन गोष्टी शोधा. यंत्रणा आयएस १५४९३ या भारतीय मानकाप्रमाणे बांधली आहे का. सिलिंडर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेने मान्य केलेले आहेत का, आणि गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे त्यांच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने घेतात त्या चाचणीची) तारीख उलटलेली नाही ना. ही तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. आणि अग्निशमन खात्याच्या एनओसीमध्ये या खोलीचा उल्लेख आहे का. काही अडलं तर पणजीत सांत इनेजला असलेल्या खात्याच्या मुख्यालयात जाऊन विचारायला संकोच करू नका. ते त्यांचं कामच आहे.

कुठे हा वायू उपयोगाचा नाही

लिथियम बॅटऱ्यांच्या खोलीत तो ज्वाळा दाबेल, पण बॅटरीच्या आत पेटलेली रासायनिक प्रक्रिया थांबवणार नाही. यूपीएस नव्या बॅटऱ्यांवर गेला असेल तर ठेकेदाराशी वेगळं बोला. स्वयंपाकघर, उघडं गोदाम, वर्कशॉपची शेड यांसाठी तो नाही. कागदांचे घट्ट गठ्ठे आतून धुमसतात, तिथे प्रमाणही जास्त लागतं आणि दहा मिनिटंही अपुरी पडतात. तरी जुन्या कागदांसाठी मी हाच वायू सुचवीन, आगीचा सुगावा फार लवकर लावणाऱ्या डिटेक्टरांसकट. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाचा उगम १८३२ चा. तितक्या जुन्या कागदांवर पाणी मारलं तर आगीतून वाचलेलं पाण्यात जातं.

सुटल्यानंतर

सगळे बाहेर आले का ते मोजा. दार बंदच ठेवा, निदान दहा मिनिटं, आणि अग्निशामक दल येईपर्यंत तर उघडूच नका. खोलीचा वीजपुरवठा बाहेरून तोडा. जळालेल्या वायरमध्ये वीज खेळत राहिली तर वायू पातळ झाल्यावर आग परत उठेल. आत पहिला माणूस जाईल तो श्वसनयंत्र लावून, हातात ऑक्सिजन मीटर घेऊन. आकडा १९.५ च्या वर स्थिर झाल्याशिवाय बाकी कुणी आत पाय ठेवायचा नाही. हवा खेळवताना खालची हवा आधी बाहेर काढा, जड मिश्रण तिथे बसलेलं असतं.

मग सिलिंडर भरायला जातात, आणि ते परत येईपर्यंत खोली उघडी पडते. किती दिवसांत भरून मिळतील हे करारात लिहून घ्या आणि त्या दिवसांसाठी आत-बाहेर रात्रपाळीचा माणूस नेमा. खोली मोठी असेल तर सुरुवातीलाच राखीव सिलिंडरांचा दुसरा संच जोडून घ्या. जुनी वही फेकू नका. वायू सुटण्याआधी शेवटची सही कुणाची होती, चावी कुठे होती आणि भिंतीत शेवटचं भोक कुणी पाडलं, ते तिच्यातच सापडेल.